जुन्या गाडीची ऑइल गळती: गिअरबॉक्सपाशी थेंब, दोष टॅपेट कव्हरला

गिअरबॉक्सपाशी ऑइलचे थेंब, सायलेन्सरवर जळका वास. इंजिनाच्या तळाचं चेंबर पॅकिंग, ऑइल काढायच्या बोल्टचा ड्रेन वॉशर बदलूनही गळती तशीच, पार वैतागलो.

शेवटी थंड इंजिन धुऊन कोरडं केलं, कारण सोलापूरच्या धुळीचा चिकट थर असेपर्यंत उगम दिसतच नाही. सांध्यांवर टाल्कम पावडर मारली, होटगी रोडला फेरी मारली, मग टॉर्चने वरून खाली पाहिलं. ऑइल खाली ओघळतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला डाग खरा. तो टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात होता. पॅकिंग पापडासारखं कडक झालेलं. इंजिनातला दाब बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला तर खडखडेना, म्हणजे जाम.

आधी व्हॉल्व्ह नवा टाकला, मग दोन्ही कडा पुसून नवं पॅकिंग, बोल्ट आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, म्हणजे दिलेल्या जोराइतकेच आवळले. व्हॉल्व्ह जामच ठेवला तर आतला दाब नव्या पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर काढतो.