इजिप्शियन पुतळ्याचा रंग कसा वाचावा

‘प्राचीन इजिप्शियन गोरे की काळे?’ यावरून वर्गात जुंपली की मी राहोतेप आणि नोफ्रेत यांच्या पुतळ्यांचा फोटो दाखवते. इजिप्तमधल्या मैदूमला सापडलेले, सुमारे साडेचार हजार वर्षं जुने. तो तांबूस तपकिरी, ती फिकट पिवळसर, नवरा-बायकोच! पुरुष गडद, बाई उजळ, हा तिथल्या कलाकारांचा संकेत. म्हणून रंगाआधी पुतळा कुणाचा, कुठल्या काळातला ते बघा. आपले आजचे गोरे-काळे असे कप्पे तर कृपा करून त्यांच्यावर लादूच नका.

मग कुणी डीएनएचा दाखला देतं. २०१७चा गाजलेला अभ्यास अबुसिर अल-मेलेक या एकाच ठिकाणच्या ममींवरचा आहे. त्यावरून दक्षिणेकडचे, नुबियालगतचे (नुबिया म्हणजे आजच्या दक्षिण इजिप्त-उत्तर सुदानचा भाग) लोक कसे होते ते ठरवू नका. संशोधकांनी स्वतःच तसं बजावलंय.