बॉनेटवरचे किडे: आधी भिजवा, मग पुसा

माझं माहेर नाशिकचं, सासर इंदूरचं. मधलं अंतर चारशे किलोमीटरच्या थोडं वरच. वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात आणि गाडी मीच चालवते. परतताना दुपारचं ऊन कलल्यावर निघते, त्यामुळे शिरपूर मागे टाकून बिजासन घाट चढेपर्यंत अंधार पडतो. सेंधव्यापासून खलघाटच्या नर्मदा पुलापर्यंत दोन्ही बाजूंना शेतं, आणि आपल्या हेडलाइटच्या उजेडात सगळं किडेकुळ धावून येतं. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या, दिवाळीच्या सुमाराला ते हिरवे चिमुकले तुडतुडे. रात्री अकराला लोकमान्य नगरात गाडी लावली की तिचं तोंड तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकरीसारखं दिसतं.

गाडी २०१९ची, गडद निळी. पहिल्याच फेरीनंतर मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. सकाळी दहाच्या उन्हात भांड्यांचा साबण आणि घासणीची हिरवी बाजू घेऊन बॉनेट लख्ख केलं. किडे गेले. दुपारी तिरप्या उन्हात पाहिलं तर सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. आमचे हे एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून गाडी भिंतीकडे तोंड करून लावायला लागले.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. चमक म्हणतो ती त्याचीच. किडा आदळून फुटला की आतला द्रव या थरावर पसरतो. त्यात प्रथिनं असतात, ती वाळली की डिंकासारखी धरून बसतात. वर किड्याचं कवच आणि पंखांचे कडक तुकडे. कोरडं घासलं की हेच तुकडे पॉलिश पेपरचं काम करतात. आणि नुसतं सोडून दिलं तर कुजताना तो राडा आम्लधर्मी होतो, उन्हानं तापलेला थर जरा मऊ पडलेला असतो, आणि डाग आत उतरतो. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा, मग दोन दिवस थांबणं का परवडत नाही ते पटेल. चोवीस तासांच्या आत काढलेले बरे.

रात्री आल्या आल्या मी एवढंच करते: इंजिन गार झालं की तांब्या-दोन तांब्ये पाणी बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवरून ओतते. पुसत नाही. दमलेल्या हातानं आणि अपुऱ्या उजेडात पुसलं तर घासलंच जातं.

खरं काम सकाळी, ऊन गाडीवर यायच्या आत. दोन बादल्या लागतात. एकीत कोमट पाणी आणि गाडीचा शॅम्पू, बाटलीवर लिहिलंय तेवढाच. दुसरीत साधं पाणी, फडकं खंगाळायला. भांड्यांचं लिक्विड मी आता वापरत नाही, कारण ते तेलकटपणाबरोबर आधी लावलेलं व्हॅक्स, म्हणजे रंगावर चोळलेलं मेण, तेही उतरवतं. पाणी कोमटच हवं, कढत नको. गार काचेवर कढत पाणी पडलं आणि काचेला आधीच कुठे बारीक खडा लागलेला असला, तर चीर पळालीच म्हणून समजा.

आधी साध्या पाण्यानं गाडीचं तोंड धुवून घ्या. ही पायरी गाळू नका. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची धूळ दिसायला पिठासारखी, पण तिच्यात बारीक कण असतात आणि ओरखडे काढायला तेवढे पुरतात.

मग एक जुना मऊ टॉवेल शॅम्पूच्या पाण्यात बुडवून, हलका पिळून, बॉनेटच्या पुढच्या भागावर अंथरायचा. दुसरा बंपरवर. बंपर उभा असल्यानं टॉवेल घसरतो, म्हणून त्याची वरची कड मी बॉनेटच्या फटीत अडकवते. आणि आता दहा मिनिटं काही करायचं नाही. मी चहा करते. कढईला लागलेलं पिठलं कोणी लगेच खरवडत नाही, पाणी घालून बाजूला ठेवतो, तसंच हे. (खरवड खायची असेल तर गोष्ट वेगळी.) टॉवेल मात्र वाळू द्यायचा नाही. मध्ये एकदा वरून पाणी शिंपडायचं, नाहीतर सुटलेला राडा परत चिकटतो.

दहा मिनिटांनी टॉवेल ओढून न काढता उचलायचा. निम्मे किडे त्याच्यासोबतच येतात. उरलेल्यांसाठी मायक्रोफायबरचं फडकं चार पदरी घडी करून, शॅम्पूच्या पाण्यात भिजवून, एकाच दिशेनं अलगद फिरवायचं. गोल गोल नाही. दाब फडक्याच्या वजनाइतकाच. प्रत्येक पुसण्यानंतर स्वच्छ बाजू वर घ्यायची, बाजू संपल्या की खंगाळायचं. एखादा डाग हटला नाही तर नख लावू नका, टॉवेल परत पाच मिनिटं ठेवा. तीनदा भिजवावं लागलं असंही झालंय, विशेषतः बंपरच्या कोपऱ्यांत.

सल्ले फुकट मिळतात, त्यातले बरेच महागात पडतात. वाटेतल्या एका पेट्रोल पंपावरचा मुलगा मला म्हणाला, "आंटी, कपड़े पे डीज़ल ले के मार दो, चकाचक हो जाएगी." चकाचक दिसते खरी, पण तो तेलाचा तवंग. त्यावर धूळ बसते, व्हॅक्स जातं आणि रबराच्या पट्ट्यांनाही ते मानवत नाही. टूथपेस्ट आणि खायचा सोडा बारीक का होईना, पण घासणारेच. लिंबू, व्हिनेगरही नको. मुळात आम्लाशीच भांडण चाललंय, त्यात आणखी आम्ल कशाला?

पुढच्या काचेची गोष्ट थोडी निराळी. काच टणक, ती जास्त सहन करते. पण चालत्या गाडीत किडा फुटला म्हणून लगेच वायपर फिरवू नका. चिकट पट्टा समोर पसरतो आणि समोरून ट्रक येत असला की काही दिसत नाही. भरपूर पाणी मारायचं, मग वायपर. घरी काच धुतल्यावर वायपरचं रबरही ओल्या फडक्यानं पुसा. त्याच्या कडेला अडकलेला पंख काचेवर रोज रेघ ओढत राहतो.

हेडलाइट काचेचे नसतात हे कित्येकांना माहीत नाही. ते पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे प्लॅस्टिकचेच, आणि वर ऊन अडवणारा पातळ लेप. थिनर किंवा पेट्रोल लावलं तर तो लेप खराब होऊन दिवे धुरकटतात. तिथेही ओला टॉवेलच.

पुढच्या जाळीत मात्र टॉवेल जात नाही. तिच्यासाठी रंगाचा जुना मऊ ब्रश ठेवलाय. जाळीच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतो, त्याच्या पातळ पट्ट्यांत किडे भरले की हवा अडते. धुण्याच्या सेंटरवर जोराचा फवारा जवळून मारतात, त्यानं या पट्ट्या वाकतात. घरच्या नळीचं सौम्य पाणी पुरे.

शेवटचं धुणं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे गाडीला बोअरचंच. ते जड, वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. म्हणून धुतल्याबरोबर कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं, वाऱ्यावर सोडायचं नाही.

पुसून झाल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर काहीतरी अजून वर चिकटलेलं आहे: भिजवा, किंवा क्ले बार (चिकटलेली घाण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी) भरपूर ओला ठेवून हलकेच फिरवा. हाताला गुळगुळीत आणि डोळ्याला किड्याच्या आकाराची सावली दिसत असेल तर डाग थरात उतरलाय. तिथे पुसून उपयोग नाही, पॉलिश लागतं, आणि पॉलिश म्हणजे तो बारीक थर आणखी झिजवणं. मी ते कामाच्या माणसाकडूनच करून घेते. माझ्या गोल ओरखड्यांचंही तसंच झालं. बरेच गेले, सगळे नाही.

आता निघायच्या दोन दिवस आधी बॉनेट, बंपर आणि आरशांच्या पाठीला व्हॅक्स लावते. किडे तेवढेच आदळतात, पण सकाळी टॉवेलखालून सहज सुटतात. गेल्या फेरीला एका भिजवणीत काम झालं.

टॉवेल वेगळे धुवा, आणि मायक्रोफायबरला कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याची पाणी टिपायची ताकद जाते. माझ्या दोन्ही टॉवेलांच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ आहे. एकदा ह्यांनी त्यातलाच एक अंघोळीला नेला होता.