पहिला बळी, दुसरा बळी: व्हॅम्पायरच्या मालिकेवर लघुप्रबंध लिहिताना

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला माध्यम अभ्यासाचा लघुप्रबंध लिहायचा होता. मी विषय घेतला तो 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या अमेरिकी मालिकेचा. टीव्ही मालिकेवर, त्यातही बाईवरच्या अत्याचाराच्या चित्रणावर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींचे मला अजून मेसेज येतात. विषय कसा आखायचा, किती भाग बघायचे, मनाला त्रास झाला तर काय करायचं, असं विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा माझं काय चुकलं आणि काय जमलं ते सलग लिहिते.

मालिका माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 10 मार्च 1997 ते 20 मे 2003, सात पर्वं, 144 भाग. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावात बफी समर्स नावाची शाळकरी मुलगी राहते. प्रत्येक पिढीत एका मुलीला व्हॅम्पायर मारायची शक्ती मिळते, या पिढीत ती बफीला मिळाली आहे. अशा मुलीला 'स्लेअर' म्हणतात. सारा मिशेल गेलरने ही भूमिका केली. अंधाऱ्या गल्लीत शिरणारी सोनेरी केसांची मुलगी भयपटात नेहमी मरते, इथे तीच राक्षसाला मारते, हा मालिकेचा मूळ विचार.

मी भाळले ते याच विचारावर, आणि पहिली चूकही तिथेच झाली. सिनॉप्सिसमध्ये मी सातही पर्वं घेतली. 144 भागांतली 'सबल स्त्री' एका लघुप्रबंधात कोंबायला निघाले होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागद परत केला आणि म्हणाल्या, "हे सगळं कौतुक आहे गं. तुला कुठे टोचलं ते सांग." मला टोचलं होतं एकाच ठिकाणी: सहाव्या पर्वातला एकोणिसावा भाग, 'सीइंग रेड', 7 मे 2002 ला दाखवलेला. विषय निवडताना हा प्रश्न स्वतःला विचारा. आवडलेल्या मालिकेवर लेख लिहिता येतो, पण वर्षभराचं काम निभावून न्यायला कुठेतरी टोचलेलंच लागतं.

त्या भागात काय होतं ते सांगायला हवं. स्पाइक हा व्हॅम्पायर, त्या पर्वात बफीचे त्याच्याशी शरीरसंबंध होते आणि तिने ते तोडले आहेत. स्मशानातल्या मारामारीत तिच्या पाठीला मार बसला आहे. ती अंघोळीच्या तयारीत असताना तो बाथरूममध्ये येतो, आधी बोलतो, मग तिच्यावर जबरदस्ती करू लागतो. ती नाही म्हणते, विनवते, रडते, आणि शेवटी सगळं बळ एकवटून त्याला लाथ घालून दूर फेकते. दृश्यात पार्श्वसंगीत नाही. पांढऱ्या फरश्या, झगझगीत दिवा. एरवी ही मालिका मारामारीत उड्या आणि गिरक्या दाखवते, इथे फक्त झटापट आहे आणि ती बघवत नाही.

हा भाग मी पहिल्यांदा घरी हॉलमध्ये लावला. आई भाजी निवडत बसली होती. तिला मालिकेतलं काही माहीत नव्हतं, पण मध्येच ती म्हणाली, "अगं, एवढ्या राक्षसांना लोळवते ही पोरगी, मग याला का नाही ढकलत आधीच?"

मला राग आला. मग लक्षात आलं की हा प्रश्न आईचा एकटीचा नाही. आपल्याकडच्या न्यायालयांनीही तो विचारला आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, ते मथुरा प्रकरण. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरड नाही, हे निकालाच्या कारणांत होतं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ढकललं का नाही, ओरडली का नाही, हा प्रश्न मथुरेला विचारला गेला कारण ती दुबळी होती, आणि बफीला विचारला जातो कारण ती बलवान आहे. म्हणजे बाईने स्वतःला कसंही सिद्ध केलं तरी उलटतपासणी तिचीच. माझ्या लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण आईच्या त्या वाक्याने सुरू होतं.

आता शब्दांविषयी. मराठीत लिहिणार असाल तर याचा विचार सुरुवातीलाच करा. 'पीडिता' हा वर्तमानपत्री शब्द मला नको होता, तो बाईला कायमची त्या एका घटनेत बसवून ठेवतो. 'सर्व्हायव्हर'साठी 'वाचलेली' म्हटलं तर अपघातातून वाचल्यासारखं वाटतं. उरला 'बळी'. हा शब्द वहीत लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. देवापुढे कापला जातो तोही बळी, आणि 'बळी तो कान पिळी' म्हणतो तेव्हा जो जोरकस तोही बळी. संस्कृतात हे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत येताना त्यांचं रूप एक झालं. सबल बाईचं बळी असणं, हा माझा विषय इंग्रजीत सांगताना दोन टोकं जोडावी लागत होती. माझ्या भाषेत ती आधीच एका शब्दात होती. संदर्भ इंग्रजीत वाचावे लागतात हे खरं, पण टिपणं मराठीत काढा. काय हाती लागेल सांगता येत नाही.

हा दुहेरी अर्थ घेऊन मी मालिका पुन्हा बघितली तेव्हा मागचेपुढचे भाग वेगळे दिसू लागले. तिसऱ्या पर्वातला 'हेल्पलेस' (जानेवारी 1999) घ्या. बफीच्या अठराव्या वाढदिवसाच्या सुमाराला तिचा गुरू, वडिलांसारखा जाइल्स, तिला नकळत इंजेक्शनं देऊन तिची शक्ती काढून घेतो. स्लेअरवर देखरेख करणाऱ्या मंडळाची तशी 'परीक्षेची' प्रथा असते. तिला कळतं तेव्हा ती ज्या नजरेने त्याच्याकडे बघते, ती नजर बाथरूमच्या दृश्यात पुन्हा येते. मग सातव्या पर्वातला 'गेट इट डन' (फेब्रुवारी 2003). तिथे कळतं की पहिल्या स्लेअरला तीन पुरुषांनी साखळदंडाने बांधून, तिच्या मनाविरुद्ध तिच्या अंगात राक्षसी शक्ती घातली होती. बफीलाही ते तसंच बांधतात आणि जास्तीची शक्ती देऊ करतात. ती नाकारते. जिच्यापासून ही सगळी परंपरा सुरू झाली ती मुलगी एकाच वेळी दोन्ही अर्थांनी बळी होती. मला वाटतं, मालिकेत सगळ्यात खोल जाणारी जागा हीच आहे, आणि बाथरूमच्या दृश्यावर तावातावाने लिहिणारे बरेच जण तिथपर्यंत जात नाहीत.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी त्या दृश्याचं बारकाईने वाचन केलं होतं: प्रकाश, कॅमेऱ्याची उंची, संगीत नसणं. मॅडमनी समासात एकच ओळ लिहिली: "दृश्य छान उलगडलंस. त्यानंतर गोष्ट कुणाची झाली?"

ती ओळ मी अजून जपून ठेवली आहे. तुम्ही कुठलीही मालिका घ्या, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. अत्याचाराचं दृश्य कसं घेतलं यावर सगळेच लिहितात. खरं उत्तर त्यानंतरच्या भागांत असतं. मी एक साधा तक्ता केला: दृश्य कुठलं, चौकटीत कोण, बोलतं कोण, घटनेचा उल्लेख कोण करतं, आठवण कुणाच्या डोळ्यांनी दिसते. मग चित्र भराभर स्पष्ट झालं. घटनेनंतर कॅमेरा स्पाइकबरोबर जातो. त्याची तडफड दिसते, झटापटीचे तुकडे त्याच्या आठवणीत चमकतात, तो गाव सोडून आफ्रिकेत जातो, अग्निपरीक्षा देतो आणि पर्वाच्या अखेरीस आत्मा परत मिळवतो (या मालिकेत व्हॅम्पायरला आत्मा नसतो). बफी त्याच रात्री दुसऱ्या खलनायकाशी, वॉरेनशी, लढायला निघते. भागाच्या शेवटी तिचा मित्र झँडर तिच्याशी बोलतो, पण त्या बोलण्यात तिने स्पाइकबरोबरचं नातं लपवलं याचं त्याला वाटलेलं दुःखच जास्त आहे. लगेच वॉरेन गोळीबार करतो, बफीची मैत्रीण विलो हिची प्रेयसी टॅरा मरते आणि उरलेलं पर्व विलोच्या सूडाचं होतं. 'टू टू गो'मध्ये धाकट्या बहिणीला, डॉनला, ही गोष्ट सांगतो तोही झँडरच, बफी नव्हे.

माझं मत मी तेव्हा लिहिलं आणि आजही तेच आहे: दृश्य प्रामाणिक आहे, त्यानंतरचा काळ मात्र तिच्याकडून काढून घेतला आहे. तिच्यावरचा हल्ला त्याच्या सुधारण्याची पायरी झाला. सातव्या पर्वात थोडी भरपाई आहे. 'बिनीथ यू'मध्ये त्याचा हात लागताच ती दचकून मागे सरते. तेवढ्या एका हालचालीत पूर्ण सहाव्या पर्वाने न बोललेलं बोलून जातं. पण ते क्षण मोजके आहेत.

त्याच पर्वातली कट्रिना विसरू नका. 'डेड थिंग्ज' (फेब्रुवारी 2002) मध्ये वॉरेन आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीचं मन यंत्राने ताब्यात घेतो. ती शुद्धीवर येते आणि वॉरेनला व त्याच्या दोन साथीदारांना स्पष्ट शब्दांत सांगते की हा खेळ नाही, हा बलात्कार आहे. वॉरेन तिला मारून टाकतो. तिच्याकडे कुठलीच शक्ती नव्हती, फक्त शब्द होता. मालिकेने तो तिच्या तोंडी दिला आणि थोड्याच वेळात तिला संपवलं. मी तिला शेवटच्या प्रकरणात जेमतेम दोन पानं दिली. आज लिहिलं असतं तर तिच्यापासून सुरुवात केली असती. याच भागात बफी गल्लीत स्पाइकला रक्तबंबाळ होईतो मारते, हेही तुमच्या तक्त्यात यायला हवं. त्या नात्यात हिंसा दोन्ही बाजूंनी होती. ते लिहिल्याने बाथरूममधल्या गुन्ह्याचं वजन कमी होत नाही, आणि ते टाळलं तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो. मला आला होता.

वाचनाची अडचण येणार नाही. या मालिकेच्या अभ्यासासाठी 2001 मध्ये 'स्लेएज' नावाचं अभ्यासपत्र निघालं, ऱ्होंडा विलकॉक्स आणि डेव्हिड लॅव्हरी यांनी सुरू केलेलं. धोका उलटाच आहे: इतकं लिहिलं गेलंय की आपलं काही उरलं नाही असं वाटतं. म्हणून आधी भाग बघा, स्वतःची टिपणं काढा, मग वाचा. मी उलट केलं आणि दोन महिने दुसऱ्यांच्याच वाक्यांत विचार करत राहिले.

निर्मात्याचा प्रश्नही येतो. जॉस व्हीडन हे स्त्रीवादी निर्माते म्हणून नावाजले गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये मालिकेतली अभिनेत्री करिझ्मा कार्पेंटर हिने त्यांच्या वागणुकीविषयी जाहीर निवेदन केलं, आणि सहकलाकार तिच्या बाजूने बोलले. हे प्रस्तावनेत स्वच्छ नोंदवा. पण सगळ्या दृश्यांचं उत्तर त्यातून काढू नका. मालिका अनेक लेखकांनी लिहिली आहे, सहाव्या पर्वाची रोजची सूत्रं मार्टी नॉक्सन यांच्याकडे होती.

आता त्या त्रासाविषयी, कारण सगळ्यात जास्त मेसेज त्याचेच असतात. तक्ता भरण्यासाठी मी ते दृश्य एका आठवड्यात इतक्यांदा बघितलं की झोप उडाली. कुणाला सांगायची लाज वाटत होती, शेवटी मालिकाच तर आहे. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी कामच थांबवायला लावलं. मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या: असं दृश्य दिवसाउजेडी बघायचं, आवाज बंद करून एकदा आणि चित्राकडे न बघता नुसतं ऐकून एकदा, आणि त्या दिवशी दुसरं काही बघायचं नाही. आवाज बंद केल्यावर मला पहिल्यांदा तिचे हात दिसले, ती कशाला धरू बघते ते दिसलं. ऐकताना 'नाही' किती वेळा आणि किती वेगवेगळ्या सुरांत येतं ते कळलं. त्रास कमी करायला केलेल्या सोयीने कामही सुधारलं. हा विषय तुमच्या स्वतःच्या अनुभवाच्या जवळ जाणारा असेल तर मार्गदर्शकांना आधीच सांगा, सगळं सांगायची गरज नाही. आणि वर्गात सादरीकरण करताना क्लिप लावण्याआधी पूर्वसूचना द्या, कुणी उठून बाहेर गेलं तर त्याकडे वळून बघू नका.

सुरुवात 'हेल्पलेस'पासून करा, मग 'डेड थिंग्ज', मग 'सीइंग रेड', आणि 'गेट इट डन'पर्यंत जाऊन पुन्हा मागे या. शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्यांचं बोलणंही वहीत उतरवा, तारीख घालून. लघुप्रबंध जमा केल्यावर मी आईला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मी तसं विचारायला नको होतं का?" मी म्हटलं, "विचारलंस म्हणून तर लिहिता आलं." ते ऐकून तिने तो भाग परत लावायला सांगितला, आणि या वेळी भाजीचं ताट बाजूला ठेवलं.