बेळगाव बघायला येताय? मग या चुका टाळा

आमच्या घरी वर्षातून आठ-दहा वेळा तरी पाव्हणे असतात. कोणी पुण्याचे, कोणी ठाण्याचे, कोणी सांगली-मिरजेकडचे, आणि त्यातले निम्मेअधिक गोव्याला जाता-येता थांबलेले. चपला काढता काढताच सांगतात, "तीन तास आहेत, तेवढ्यात बेळगाव दाखव." वीस वर्षं मी हेच ऐकतोय आणि दर वेळी त्याच त्याच चुका बघतोय. आपलं गाव कोणी घाईत उरकून "काही खास नाही" म्हणत निघालं की वाईट वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

किल्ला म्हटलं की डोंगर शोधू नका

मागच्या पावसाळ्यानंतर भाच्याचे चार मित्र आले होते. पायात ट्रेकचे बूट, पाठीवर सॅक, प्रत्येकाकडे दोन-दोन लिटर पाणी. किल्ल्यापाशी उतरल्यावर पहिला प्रश्न, "काका, चढ कुठून आहे?" बेळगावचा किल्ला भुईकोट आहे. भोवती खंदक, जाड तट, दारापाशी गणपती आणि दुर्गेची देवळं, आत रस्ते आणि मोठमोठी झाडं. राजगड-तोरण्याची सवय झालेल्या माणसाला हे बघून चुकल्यासारखं होतं. पोरं वीस मिनिटांत गाडीपाशी परत आली. "काका, आत काहीच नाही."

मी त्यांना तसंच उलट पावली आत नेलं, कमल बस्तीत. हे नेमिनाथांचं जैन मंदिर. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधलं. रट्टांनी सौंदत्तीहून आपली राजधानी इथे आणली तेव्हा या गावाचं नाव होतं वेणुग्राम. मंदिरातले जुने कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण लेख गेले तरी छत इथंच आहे, आणि ते बघायला मी पुन्हा पुन्हा जातो.

लोकांचं नेमकं काय चुकतं ते सांगतो. बाहेरच्या उन्हातून आत आलं की पहिली दोन मिनिटं छत नुसतं काळं दिसतं. तेवढ्यात मोबाइल वर करून फ्लॅश मारायचा, फोटो धुरकट आला म्हणून चुकचुकायचं आणि बाहेर पडायचं. असं करू नका. खांबाला टेकून बसा. डोळे सरावू द्या. मग मान वर करा आणि मनात शंभर मोजेपर्यंत खाली घेऊ नका. आधी दगडी कमळ दिसतं. थोड्या वेळाने पाकळ्या सुट्या दिसायला लागतात. त्यानंतर लक्षात येतं की पाकळ्यांत तीर्थंकर कोरलेले आहेत. होऊन गेलेले चोवीस, या काळातले चोवीस, पुढे होणारे चोवीस, असे एकूण ७२. त्या चौघांतला एक जण मोजायला लागला, मधेच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. थंडगार फरशीवर अनवाणी, मान मागे टाकून. तासाभराने मलाच त्यांना उठवावं लागलं.

बाहेर आल्यावर शेजारची चिक्की बस्तीही बघा. पडझड झाली आहे, पण उरलेल्या दगडांवर नाचणाऱ्या आणि वाद्यं वाजवणाऱ्या आकृती अजून दिसतात. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात बारा दिवस होते. आधी रिसालदार गल्लीत भाट्यांकडे, मग किल्ल्यात हरिपद मित्र या वनखात्यातल्या अधिकाऱ्याकडे. दोन्ही जागा जपलेल्या आहेत. एक बघितली तर दुसरीही बघा, कारण गल्लीतलं ते घर बघितल्यावरच जुन्या बेळगावचा अंदाज येतो.

मी स्वतः किल्ल्यात सकाळी लवकर जातो. दुपारी बाराला नेणाऱ्या नातेवाइकांशी मी भांडलोय. कॅम्पात आणि किल्ल्यातही लष्कराचा भाग आहे. पाटी लावली असेल तिथे फोटो काढू नका, आणि पाटी दिसली नाही तर आधी विचारा.

एका दिवसात चारी दिशा

दुसरी मोठी चूक नकाशा न बघता केलेल्या बेताची. "सकाळी गोकाक, दुपारी हलशी, येताना कित्तूर" असं कागदावर लिहून आणलेले पाव्हणे मी पाहिलेत. गोकाक एका टोकाला, हलशी खानापूरच्या बाजूला, कित्तूर धारवाडच्या वाटेवर. दिवसभर फक्त गाडी चालते आणि माणसं मागच्या सीटवर झोपतात.

एक दिवस एका दिशेला द्या. खानापूरकडे गेलात तर हलशी आणि नंदगड एकत्र होतात. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बघताना लोक एका गाभाऱ्यात नमस्कार करून परत फिरतात आणि पाठीमागे दुसरा गाभारा आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात वराह, भूदेवीला उचलून धरलेला. त्याच्यासमोर उभं राहा, मग वळा. नंदगडात कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला तिथेच फाशी दिलं. कित्तूरला जायचं असेल तर वेगळा दिवस काढा आणि त्याच फेरीत देगावचं कमलनारायण मंदिर घ्या. गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने ते बाराव्या शतकात बांधवून घेतलं. तिथे गर्दी नसते, आणि खांब बघायला हवा तेवढा वेळ मिळतो.

खानापूर तालुक्यात भाषेची काळजी करू नका. गावोगावी मराठी आहे. बसची पाटी मात्र बहुतेक वेळा कन्नडात असते. ती वाचता येत नसेल तर अंदाजाने चढू नका, कंडक्टरला विचारा. माझी मावशी अंदाजाने चढली आणि बैलहोंगलच्या वाटेला लागली.

बाकीच्या, थोडक्यात

गोकाकचा धबधबा एप्रिल-मेमध्ये बघायला जाऊ नका. तेव्हा तिथे नुसता कातळ असतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये घटप्रभा भरून वाहते. सुमारे १७० फुटांवरून पडणारं ते तांबूस पाणी तेव्हाच बघण्यासारखं असतं. येताना करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घ्या, ते गोकाकचंच.

शिवजयंतीची मिरवणूक बघायला १९ फेब्रुवारीला येणारे दर वर्षी भेटतात. आमच्याकडे चित्ररथांची मोठी मिरवणूक वैशाखात असते, अक्षय्य तृतीयेच्या आसपास. रात्री सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. पायात आरामाच्या चपला घाला, लहान मुलांना दुपारी झोपवून आणा.

डिसेंबरात इथे कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असेल तर लॉज आधी ठरवा. ऐनवेळी खोली मिळत नाही.

१ नोव्हेंबरला फिरायला येऊ नका. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. रस्ते बंद असतात.

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली इथे गाडी घालू नका. लांब कुठेतरी लावा आणि चाला. मी तर किल्ल्यातूनच चालत बाजारात येतो. गाडीतून बाजार बघणाऱ्याला दुकानांच्या पाट्या दिसतात, गल्ली दिसत नाही.

टिळकवाडीत आलात तर काँग्रेस विहीर चुकवू नका. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी ती खणली. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. ते इथे भरवण्यामागे हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांची मेहनत होती. त्याआधी आठ वर्षं, १९१६ मध्ये, टिळकांची होमरूल लीगही बेळगावातच स्थापन झाली. लोक शेजारच्या रस्त्यावर चहा पिऊन निघून जातात आणि विहीर बघायची राहते. पाच मिनिटांचं काम आहे.

कुंदा जाताना घेऊ नका

हे सगळ्यात शेवटी लिहितोय, कारण यावर मी सगळ्यात जास्त वेळा बोललोय.

माझा आत्येभाऊ तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गोव्याला जाताना थांबला. सकाळी दहाला त्याने चार किलो कुंदा घेतला. मी म्हटलं, येताना घे. "येताना चोर्ल्यातून यायचं की आंबोलीतून ते ठरलेलं नाही, आत्ताच घेतो." डबे डिकीत गेले. तीन दिवस गाडी समुद्रकिनाऱ्यावर उन्हात उभी. चौथ्या दिवशी त्याचा पुण्याहून फोन. झाकण उघडलं तर आंबूस वास, कडेला पांढरट तार. वर मलाच विचारतो, "तुमच्या बेळगावचा कुंदा एवढाच का रे टिकतो?"

कुंदा म्हणजे दूध आहे. आटवून आटवून, साखर आणि खवा घालून, तपकिरी रंग येईपर्यंत परतलेलं दूध. तो मे महिन्यात डिकीत ठेवायची वस्तू नाही. गोव्याला जाताना घेतलेला कुंदा घरी पोचेपर्यंत चांगला राहील ही अपेक्षाच चुकीची.

माझी पद्धत अशी. कुंदा परतीच्या दिवशी घ्यायचा, तोही दुकानात "आजचा आहे का" असं विचारून. आधी चमचाभर जिभेवर ठेवायचा. रवाळ लागला पाहिजे, आणि चमच्यावर तुपाचा पुसट थर राहिला पाहिजे. दाताला चिकटत असेल, नुसती साखर लागत असेल, तर मी पुढच्या दुकानात जातो. विकत घेताना लाज धरू नका, चव दाखवायला कोणी नाही म्हणत नाही. डबा प्रवासात पायाशी, गाडीच्या आत, सावलीत. घरी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये. चार किलो घेऊच नका. एक किलो घ्या आणि चार दिवसांत संपवा.

लांब न्यायला काही हवं असेल तर मांडे घ्या. उपड्या भांड्यावर भाजलेले, पातळ, आत पिठीसाखर आणि खसखस. कोरडे असल्यामुळे उन्हाचं त्यांना फारसं काही होत नाही, पण हात लागला की चुरा होतो. म्हणून मी पाव्हण्यांच्या गाडीत ते स्वतःच ठेवतो, मागच्या सीटवर आडवे, खाली घडी केलेला टॉवेल, आणि वर काहीही नाही.