शोषखड्डा त्यांचा, विहीर आपली : तंटा कसा मिटवायचा

मी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. आता आमच्या कोकणातल्या मुसलमान जमातीत घराशेजारचे तंटे आले की मला बोलावतात. सगळ्यांत जास्त प्रकरणं येतात ती शोषखड्ड्याची आणि विहिरीची. जांभ्यातून पाणी झिरपतं, ते कुणाची हद्द बघत नाही.

आधी विहिरीचं पाणी तपासून अहवाल आणा. नुसत्या संशयावर कुणाचा खड्डा बुजवता येत नाही, शरियतीतही नाही.

मग दोघांना समोरासमोर बसवा आणि हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, पुरी सांगा : ‘ला ज़रर व ला ज़िरार.’ कुणाची हानी करू नये, आणि हानीला हानीने उत्तरही देऊ नये. दुसरा भाग लोक विसरतात. गेल्या वर्षी विहीरवाल्याने रागाने शेजाऱ्याच्या मोरीच्या तोंडाशी दगड घातले आणि घाण त्याच्या स्वयंपाकघरात शिरली. तक्रार खरी होती, पण त्या दिवसापासून तोही दोषी झाला.

उपाय सुचवताना सौम्य उपायापासून सुरुवात करा. पैगंबरांचे एक साथी समुरा इब्न जुंदुब यांची खजुराची झाडं एका अन्सारी, म्हणजे मदीनेतल्या, माणसाच्या बागेत होती. त्यांच्या येण्याजाण्याचा त्या घराला त्रास होई. पैगंबरांनी आधी सांगितलं, विकून टाक. मग, बदल्यात दुसरीकडे घे. मग, देऊन टाक. तिन्ही नाकारल्यावरच झाड उपटायचा हुकूम झाला. हा क्रम मी कधी मोडत नाही.

तुर्कांच्या उस्मानी (ऑटोमन) सल्तनतीत १८६९ ते १८७६ दरम्यान तयार झालेल्या ‘मजल्ला’ या कायद्यात तर आमचंच प्रकरण आहे, कलम १२१२ : सांडपाण्याच्या खड्ड्याने विहीर बिघडत असेल तर ती हानी दूर करा; कशानेच जमत नसेल तरच खड्डा बुजवा. मजल्ला हनफी मताचा, आम्ही शाफई; शरियतीचा अर्थ लावणाऱ्या या दोन वेगळ्या परंपरा. पण ‘हानी दूर केली जाते’ हे सूत्र दोन्हीकडे पायाचं आहे.

‘खड्डा आजोबांच्या वेळचा आहे’ असं कुणी म्हटलं तर कलम ७ सांगा : हानी कितीही जुनी झाली तरी तिचा हक्क होत नाही. मात्र प्रत्येक गैरसोय हानी नसते. शेजारच्या मजल्याने वारा अडला, समोरचं दृश्य गेलं, ते सोसायचं. खोलीतला उजेडच पुरा गेला, तर तक्रार ऐकायची. बायकांच्या वावराच्या अंगणात खिडकीतून दिसत असेल तर आडोसा उभारायला लावा, खिडकी चिणायला लावू नका.

आमच्या त्या प्रकरणात खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब हलवला. खर्च खड्डेवाल्याने केला, दगड विहीरवाल्याने स्वतः काढले. नंतर विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकली. पाणी पुन्हा तपासून घेतल्याशिवाय कुणाला पिऊ देऊ नका.