परदेशातील गरीब कुटुंबांसाठी गल्लीतून निधी कसा उभारावा

वर्गणी कशी गोळा करावी हे बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील गल्लीला शिकवण्याची गरज नाही. गणेशोत्सव, वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती, हरिनाम सप्ताह आणि गावच्या लक्ष्मीची यात्रा हे सारे पंच कमिटी, युवक मंडळे आणि महिला मंडळे यांनी जमवलेल्या वर्गणीवरच पार पडते. मात्र तीच वर्गणी दुसऱ्या देशातील एखाद्या गरीब कुटुंबापर्यंत पोहोचवायची असेल, तर पैसे नक्की कोणाला द्यायचे, कोणत्या मार्गाने पाठवायचे आणि ते पोहोचल्याचे देणाऱ्याला कसे दाखवायचे, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. या तिन्हींची उत्तरे लेखी ठरल्याशिवाय पहिला रुपयाही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारील की आपल्या तालुक्यात गरिबी कमी आहे का, मग परदेश कशासाठी. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा खरेदीशक्तीच्या समतेनुसार (म्हणजे देशोदेशींच्या किमतींतील फरक जमेस धरून) दर माणशी दिवसाला ३ डॉलर अशी ठरवली. या रेषेखाली जगात सुमारे ८० कोटी माणसे आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात. आपल्याकडे वर्षाला जेवढे पैसे एका मांडवाच्या रोषणाईवर जातात, तेवढ्यात तिथल्या एखाद्या कुटुंबाला शेळ्या घेता येतात किंवा घरावर पत्रे घालता येतात. शिवाय गल्लीतील गरजूंसाठी चालू असलेली मदत कमी करून हा निधी उभारायचा नाही, हे ठरावातच लिहून ठेवावे, म्हणजे पुढे वाद होत नाहीत.

कुटुंबे निवडताना

सुरुवात एकाच देशापासून आणि ज्याची काही प्रत्यक्ष माहिती आहे अशाच ठिकाणापासून करावी. आपल्या भागासाठी नेपाळ हा सर्वांत सोपा आरंभ आहे, असे मला वाटते. बेळगावात रात्रपाळीचे रखवालदार म्हणून किंवा हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम करणारे अनेक जण नेपाळचे आहेत, आणि भारतात मजुरीला येणाऱ्या नेपाळी लोकांत अछाम, बाजुरा, डोटी यांसारख्या सुदूर पश्चिमेकडील डोंगरी जिल्ह्यांतील माणसे फार मोठ्या संख्येने असतात. ज्या माणसाला आपण रोज नमस्कार करतो, त्याच्या गावातील विधवा, अपंग किंवा कर्त्या माणसाविना राहिलेली कुटुंबे कोणती, हे त्याच्याकडून कळू शकते. तरीही निवड एकट्याच्या शब्दावर करू नये. नेपाळमध्ये गावपालिका आणि नगरपालिकांची वडा (म्हणजे प्रभाग) कार्यालये असतात आणि तेथून रहिवाशाला सिफारिसपत्र मिळते. ते पत्र, कुटुंबप्रमुखाच्या नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत आणि बँक खात्याचा तपशील, एवढे कागद मागावेत. याहून जास्त कागदांसाठी गरीब माणसाला डोंगर उतरून वणवण करायला लावू नये.

केनियासारख्या दूरच्या देशासाठी मात्र कुटुंबे स्वतः शोधण्याचा हट्ट धरू नये. तेथे काम करणाऱ्या संस्थेमार्फतच जावे. केनियात २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सेवा सुरू झाली आणि त्यामुळे गिव्हडायरेक्टलीसारख्या संस्थांना थेट कुटुंबाच्या हाती रोख रक्कम पोहोचवणे शक्य झाले. संस्था निवडताना तिचा लेखापरीक्षण झालेला अहवाल वाचावा, शंभर रुपयांतील किती रुपये कुटुंबापर्यंत जातात हे विचारावे आणि कुटुंबे कोणत्या निकषांवर निवडली जातात ते समजून घ्यावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: आंतरराष्ट्रीय नाव असलेल्या संस्थेच्या भारतातील नोंदणीकृत शाखेला दिलेले पैसे साधारणपणे भारतातील कामावरच खर्च होतात. ते काम चांगलेच असते, परंतु आपला संकल्प परदेशातील कुटुंबांचा असेल तर ही गोष्ट आधी विचारून घ्यावी.

कपडे, धान्य आणि भांडी पाठवण्याचा मोह टाळावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या काठची गावे पाण्याखाली गेली होती. त्या काळात मदत घेतलेल्या चिकोडी, गोकाक, रामदुर्गकडील कोणत्याही माणसाला विचारा, अंगाला न होणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यापेक्षा हातात आलेली रक्कम त्याला का मोलाची वाटली ते तो सांगेल. मुलाचे औषध आधी आणायचे की गळके छप्पर आधी शाकारायचे, हे त्या घरातील आईला आपल्यापेक्षा चांगले कळते. शिवाय वस्तूंवर वाहतूक आणि सीमाशुल्काचा जो खर्च होतो, त्यात अनेकदा तीच वस्तू तिथल्या बाजारात घेता येते.

पैसे पाठवण्याचा मार्ग

येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. परदेशी देणग्यांविषयीचा २०१० चा कायदा परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या पैशांसाठी आहे. आपण पैसे बाहेर पाठवतो तेव्हा १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा लागू होतो. त्याखाली रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम आहे आणि तिच्यानुसार भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम भेट किंवा देणगी म्हणूनही परदेशी पाठवू शकते. पॅन आवश्यक असतो आणि बँकेत ए-२ हा अर्ज भरून रकमेचा उद्देश सांगावा लागतो. ही योजना केवळ व्यक्तींसाठी आहे. मंडळ, ट्रस्ट, भागीदारी पेढी किंवा एकत्र हिंदू कुटुंब यांना ती वापरता येत नाही. एका व्यक्तीने वर्षभरात पाठवलेली एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या आत असेल तर एप्रिल २०२५ पासून बँक उगमस्थानी कर (टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच घेतला जाणारा कर) वसूल करत नाही, त्यामुळे गल्लीच्या निधीला ती अडचण सहसा येणार नाही.

नेपाळसाठी वेगळी आणि स्वस्त सोय आहे. २००८ पासून चालू असलेल्या भारत-नेपाळ रेमिटन्स (पैसे पाठवण्याच्या) सुविधेतून एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची सोय, असलेल्या बँक शाखेतून रुपयांत भरलेले पैसे तिकडे नेपाळी रुपयांत मिळतात. खातेदाराला एका वेळी २ लाख रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर कायम असल्याने हिशोबही सरळ राहतो. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या खिशातून किंवा हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या दलालांमार्फत, पैसे पाठवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा. हुंडी बेकायदा आहे आणि तिची पावती मिळत नाही, म्हणजे देणाऱ्यासमोर ठेवायला आपल्या हाती काहीच उरत नाही.

मंडळाला ही योजना वापरता येत नसेल तर पैसे पाठवायचे कोणी? लहान निधीसाठी माझा सल्ला असा की सभेत ठराव करून विश्वासातील एका व्यक्तीला लेखी अधिकार द्यावा, तिने या कामासाठी स्वतंत्र बचत खाते उघडावे आणि देणाऱ्यांची यादी व ठरावाची प्रत जवळ ठेवावी, कारण पैशाचा स्रोत बँक विचारू शकते. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एखाद्याला वर्षभरात मिळालेल्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर ती सारी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते, म्हणून एका खात्यात त्याहून बरीच कमी रक्कम जमा होईल असे पाहावे. या कायद्यात सख्खी भावंडे नातेवाईक ठरतात, चुलत भावंडे ठरत नाहीत, हे भाऊकीने एकत्र येऊन निधी उभारताना विशेष ध्यानात ठेवावे. निधी याहून मोठा होणार असेल तर अंदाजाने चालू नये. चार्टर्ड अकाउंटंटला आणि परकीय चलनाचे काम करणाऱ्या बँक शाखेला आधी विचारावे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने भारताबाहेर केलेल्या खर्चाला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय करसवलत मिळत नाही. म्हणून “या देणगीवर आयकरात सूट मिळेल” असे वाक्य पत्रकावर कधीही छापू नये.

रोटरीचा मार्गही विचारात घेण्याजोगा आहे. रोटरी क्लबांच्या रोटरी फाउंडेशनकडून प्रकल्पांसाठी मिळणाऱ्या ग्लोबल ग्रँट या अनुदानामध्ये दोन देशांतील क्लब भागीदार होतात आणि प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. एका गल्लीला हा आकडा झेपणारा नाही, पण आठ-दहा मंडळे बेळगावातील एखाद्या क्लबबरोबर एकत्र आली तर पाण्याची किंवा शाळेची योजना हाती घेता येईल.

वर्गणी कशी जमवावी

एका मोठ्या कार्यक्रमापेक्षा दरमहा येणारी छोटी रक्कम जास्त उपयोगाची असते, कारण गरीब कुटुंबाला दर महिन्याला लागणारा आधार एकदाच आलेल्या मोठ्या रकमेतून मिळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या वसतिगृहांतील मुलांसाठी घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. हा मुष्टिफंड आपण पैशांत चालवू शकतो. चाळीस घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर वर्षाला २४,००० रुपये होतात, म्हणजेच ३८,४०० नेपाळी रुपये. एवढ्या रकमेत दोन कुटुंबांना वर्षभर नियमित हातभार लावता येतो.

रक्कम सर्वांना सारखी ठेवू नये. निपाणीत बिडी वळणारी बाई आणि टिळकवाडीतील डॉक्टर यांच्यापुढे एकच आकडा ठेवणे अन्यायाचे आहे. कोणी दहा रुपये दिले तरी पावती तेवढ्याच आदराने फाडावी आणि देणाऱ्यांची यादी लावायची झाल्यास नावे लावावीत, रकमा लावू नयेत. वडगाव, खासबागकडील मागावर काम करणाऱ्या घरांत मंदीच्या महिन्यांत पैसे मागायला जाऊच नये.

वर्षातून एक-दोन वेळा जादा रक्कम उभारता येते. दिवाळीत आपल्याकडील मुले दारात किल्ले करतात आणि ते पाहायला लोक गल्लोगल्ली फिरतात, तेव्हा किल्ल्याशेजारी माहितीचा फलक आणि बंद पेटी ठेवता येते. महिला मंडळ किंवा स्त्रीशक्ती गट फराळ व कुंदा करून विकू शकतो, मात्र त्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी असलेल्या गटाचीच मदत घ्यावी. लकी ड्रॉ करू नये. कर्नाटकात २००७ पासून लॉटरीवर बंदी आहे आणि चांगल्या कामाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावण्यात शहाणपण नाही.

पावती, हिशोब आणि छायाचित्रे

पावती पुस्तक छापताना मजकूर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत घ्यावा, कारण गल्लीत दोन्ही भाषांची घरे असतात आणि देणाऱ्याला आपण कशावर विश्वास ठेवतो हे वाचता आले पाहिजे. पावतीवर छापील क्रमांक, तारीख, नाव, अंकी व अक्षरी रक्कम, रोख की यूपीआय, आणि त्याखाली “ही रक्कम परदेशातील कुटुंबांच्या मदतीसाठी असून तिच्यावर आयकर सवलत नाही” हे वाक्य असावे. चुकलेली पावती फाडून टाकू नये. तिच्यावर रद्द असे लिहून ती स्थळप्रतीसह पुस्तकातच ठेवावी. पेटी दोघांनी मिळून उघडावी, त्यातील एक जण कमिटीबाहेरचा असावा, आणि मोजलेली रक्कम त्याच ठिकाणी वहीत लिहून दोघांनी सही करावी. हिशोब दर तीन महिन्यांनी मंदिराच्या फलकावर लावावा: किती जमा झाले, बँकेचे शुल्क किती गेले, किती पाठवले आणि पोहोचल्याची बँकेची नोंद कोणत्या तारखेची आहे. छपाई आणि चहापाण्याचा खर्च कमिटीच्या सभासदांनी स्वतः करावा, म्हणजे वर्गणीचा सगळा पैसा कामासाठी राहतो.

छायाचित्रांविषयी मी आग्रही आहे. मळके कपडे घातलेल्या, रडणाऱ्या मुलाचे चित्र फलकावर लावले की पेटी लवकर भरते, हे खरे आहे, पण ते मूल उद्या मोठे होणार आहे आणि त्याची गरिबी आपल्या चौकात टांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. कुटुंबाची परवानगी असेल तरच छायाचित्र घ्यावे, त्यात पूर्ण नाव व गाव देऊ नये, आणि मदतीची अट म्हणून छायाचित्र कधीही मागू नये. कुटुंबाने खुशाली कळवली तर ती सभेत वाचून दाखवावी. न कळवल्यास विचारणा करण्यासाठी तीन महिन्यांतून एक दूरध्वनी पुरेसा आहे.

मदत किती काळ चालेल, हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगावे. मुलगी दहावी होईपर्यंत किंवा आजारी माणूस कामाला लागेपर्यंत, अशी मुदत ठरलेली असली की त्या घराला पुढचा विचार करता येतो. तेवढ्या मुदतीची निम्मी रक्कम खात्यात जमा झाल्यावरच पहिला हप्ता पाठवावा, म्हणजे वर्गणी एखाद्या वर्षी आटली तरी हप्ता चुकत नाही. आणि मदत थांबवायचीच झाली तर किमान सहा महिने आधी त्यांना कळवावे.