वाळवंटी वस्तीचे जुने टोपो नकाशे: या चुका टाळा

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, ट्वेंटीनाइन पाम्स गावाच्या पूर्वेला वंडर व्हॅली नावाची विखुरलेली वस्ती आहे. १९३८ च्या स्मॉल ट्रॅक्ट कायद्याखाली इथली सरकारी जमीन पाच-पाच एकरांच्या तुकड्यांनी लोकांना मिळाली. जमीन नावावर व्हायला त्यावर लहानसं घर उभारावं लागे. त्यातली कित्येक खोपटं आज छप्पर उडालेल्या अवस्थेत उभी आहेत. अशा जागेचा इतिहास शोधायला यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे, जुने टोपो नकाशे (जमिनीचे चढउतार, वाटा, इमारती दाखवणारे नकाशे) फार कामाचे आहेत. १८८४ ते २००६ या काळातले त्यांचे नकाशे ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मिळतात सहज, वाचताना मात्र माणूस हमखास घसरतो.

कोपऱ्यातलं साल हेच खरं साल मानणं. ही चूक मी स्वतः केली आहे. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, नावाखाली जे साल होतं तेच मी तिथल्या सगळ्या घरांना लावून मोकळा झालो. पुढे कधीतरी डाव्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचला आणि सगळी टिपणं पुन्हा करावी लागली. हवाई छायाचित्रं कोणत्या वर्षी घेतली आणि जागेवर पडताळणी कधी झाली, हे तिथे वेगवेगळं दिलेलं असतं. या दोन तारखांमध्ये काही वर्षांचं अंतर असू शकतं. त्यात जांभळा रंग दिसला तर आणखी सावध व्हा. जांभळ्या रेषा आणि जांभळे चौकोन ही नंतरची भर असते. ती नव्या हवाई छायाचित्रांवरून घातलेली असते, आणि बहुतेकदा ‘जागेवर तपासलेली नाही’ अशी टीपही तिथेच असते. म्हणजे एकाच कागदावर दोन काळ नांदत असतात. मी आता नकाशा उघडला की आधी समास वाचतो, मग मधला भाग.

काळा चौकोन म्हणजे घराचा आकार, असं समजणं. १:६२,५०० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका जमिनीवर एकतीस मीटरचा होतो. खोपटं त्याच्या पाव हिस्साही नसायची. ठिपका फक्त ‘इथे इमारत होती’ एवढंच सांगतो, तिथे कोणी राहत होतं की नाही ते सांगत नाही. आणि ठिपका नाही म्हणून तिथे काहीच नव्हतं असंही धरू नका.

निळं दिसलं की पाणी आहे असं मानणं. तुटक निळी रेषा म्हणजे एरवी कोरडा, वळवाच्या पावसात तासभर धावणारा ओढा. डेल लेकच्या नावात ‘लेक’ आहे, पण ते कोरडं तळं आहे, मिठाचं आणि गाळाचं सपाट पात्र. विहीर किंवा झरा दाखवला असेल तर ती त्या वर्षीची नोंद. तिच्या भरवशावर कमी पाणी घेऊन निघू नका.

समोच्चरेषांचंही (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचंही) तसंच. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर चाळीस फूट असेल तर तीस फूट खोल घळही दोहोंच्या मधे गुडूप होऊ शकते. वाळवंटात गाडी अडते ती नेमकी अशाच घळीत. आणि हो, आकडे फुटांत आहेत, मीटरमध्ये नाहीत.

जुने सहनिर्देशांक थेट जीपीएसमध्ये टाकणं. सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया. जुने नकाशे बहुतेक १९२७ च्या उत्तर अमेरिकी डेटमवर आहेत, तर फोन चालतो डब्ल्यूजीएस ८४ या नव्या डेटमवर. या भागात अक्षांश-रेखांश तसेच टाकले तर तुम्ही पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे ऐंशी मीटर चुकता. समासावरचे यूटीएम आकडे (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या जाळीचे आकडे) उचलले तर चूक दोनशे मीटरच्या वर जाते. पाच एकरांचा तुकडा साधारण शंभर मीटर बाय दोनशे मीटरचा असतो, म्हणजे तुम्ही शेजाऱ्याच्या खोपटाचा फोटो काढून घरी येता. उपाय सोपा आहे: जीपीएसमध्ये डेटम बदला, किंवा जिओटिफ फाइल (नकाशाच्या चित्रासोबत स्थानाची माहिती असलेली) उतरवून सॉफ्टवेअरकडून रूपांतर करून घ्या. जेपीईजी उतरवलीत तर त्यात स्थानाची माहितीच नसते, नकाशा हाताने जुळवत बसावं लागतं.

होकायंत्र वापरणाऱ्यांनी दिक्पातही (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) नवा घ्यावा. १९५० च्या दशकात तो इथे पूर्वेकडे पंधरा अंशांच्या आसपास होता, आता अकराच्या जवळ आला आहे.

१९९२ च्या लँडर्स भूकंपात जवळच्या भागात जमीन काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत सरकली. त्यामुळे नकाशा जुळत नाही, असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. १:२४,००० वर सहा मीटर म्हणजे पाव मिलिमीटर. दोष डेटमचाच असतो.

जुनी वाट म्हणजे आजही खुली वाट, असं धरणं. उत्तरेकडचा मोठा प्रदेश आता मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या तळाच्या हद्दीत आहे. दक्षिणेकडे जोशुआ ट्री या संरक्षित क्षेत्राची हद्द १९५० मध्ये आत ओढली गेली आणि १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पुन्हा वाढली. त्यामुळे १९५५ चा कागद हातात घेऊन हद्दीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, त्यासाठी आजचा नकाशा शेजारी ठेवा. आणि खाणीच्या उभ्या विवराचं चिन्ह दिसलं, तर प्रत्यक्षात तिथे कुंपण असेलच असं नाही. अंधारात त्या बाजूला फिरकू नका.